मदत हवी आहे: सेक्रेटरी काकांच्या वहीतलं हे काय लिहिलंय? (नेरूळ)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. झाले म्हणजे, सभेला वीस मिनिटं उशिरा पोचले तेव्हा निवड होऊन गेली होती. नेरूळ, सात मजले, ४८ घरं, इमारत १९९५ ची.

आधीचे सेक्रेटरी काका सतरा वर्षं हे काम बघत होते. आता मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जाताना चाव्या, शिक्का, फायली आणि एक निळी वही हातात दिली. म्हणाले, "सगळं वहीत आहे."

सगळं आहे खरं, पण ते फक्त काकांनाच वाचता येईल असं आहे.

काका दर महिन्याला लिफ्टशेजारच्या फळ्यावर 'महापालिका' असा मथळा देऊन खाली चार-पाच ओळी लिहायचे. पाणी कधी बंद, झाडं कधी छाटणार, कराची बिलं आली का, असलं सगळं. लिफ्ट येईपर्यंत आम्ही ते वाचायचो आणि विसरायचो. ही माहिती ते आणतात कुठून, हे सतरा वर्षांत एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

मागच्या आठवड्यात त्याची फळं भोगली. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, बुधवारी सकाळपासून पाणी बंद. मी लगेच तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी बादल्या, पिंपं, कुकरसुद्धा भरले. सगळ्यांनी एकदम नळ सोडल्यामुळे गच्चीवरची टाकी दुपारीच रिकामी झाली, पंप लावला, आणि पंप बंद करायला वॉचमन विसरला. तासभर गच्चीवरून धबधबा. बुधवारी नळाला रोजच्यासारखं पाणी! मेसेज कुठल्या तरी जुन्या वर्षातला होता. आता तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मला 'भगीरथ' म्हणतात.

काकांना फोन का करत नाही, असं कुणी विचारेलच. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि काकू अजून फोन हातात देत नाहीत.

तर वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देते. कुणाला काही उलगडलं तर सांगा.

भो. बंद = २ दिवस. का.-खा. पण.
वार बघ!!
म. दोन आहेत.
जाने. / जुलै – ब
३० → २६५ अ
नाव = ४ दारं
१००? वजन करणे.
मे – बाहेर ते, आत आपण. झाड आपलं पण हात नाही.
८८ (सप्टेंबरच्या पानावर, भोवती लाल गोल)
दि. – गा. ६ चि.

– भगीरथकन्या (नाव कालच बदललं)

*

पामबीचचा_वारा:
ताई, पहिली ओळ बघून तुमच्या काकांना दंडवत घातला. भो. म्हणजे भोकरपाडा. आपलं पाणी मोरबे धरणाचं. धरण खालापूर तालुक्यात, महापालिकेच्या मालकीचं. तिथलं पाणी भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून मोठ्या जलवाहिनीनं बेलापूरपासून वर सरकतं. त्या केंद्रात किंवा मुख्य वाहिनीवर दुरुस्ती निघाली की सगळी नवी मुंबई कोरडी. गल्लीतली वाहिनी फुटली तर एखाद-दुसऱ्या सेक्टरपुरतं.

'२ दिवस' हे अनुभवाचे बोल आहेत. निवेदनात लिहितात तास, पण शेवटची ओळ वाचायची असते: 'दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा कमी दाबाने होईल.' वाहिनी रिकामी झाली की परत भरून दाब यायला वेळ लागतो. त्यामुळे टँकर सांगायचा असेल तर बंदच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पहिला दिवस तुमची जमिनीखालची टाकी काढून नेते.

'वार बघ'चा अर्थ आता तुम्हाला कळला असेलच. या निवेदनांत वार आणि तारीख दोन्ही असतात, वर्ष बऱ्याचदा नसतं. तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये लीप वर्षाचा फेब्रुवारी आला तर दोन. तुमचा मेसेज अजून असेल तर कॅलेंडर काढून बघा.

*

भगीरथकन्या:
बघितलं. मेसेजमध्ये बुधवार लिहिलाय आणि ती तारीख यंदा गुरुवारी आहे. गच्चीवरचं सगळं पाणी माझ्या डोळ्यांसमोरून परत वाहून गेलं.

*

खाडीपल्याड:
का.-खा. म्हणजे कामोठे आणि खारघर. मी खारघरचीच. आमची महापालिका पनवेलची, २०१६ साली झाली. कर तिकडे, कचरा तिकडे. पण मोरबेच्या वाहिनीवरून कामोठे-खारघरलाही पाणी येतं, म्हणून तुमच्या निवेदनात आमचं नाव असतं. खारघरला हेटवणे धरणाचंही पाणी येतं, ते सिडकोकडून, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडून. त्यामुळे इथे 'पाणी बंद' असा मेसेज आला की आधी विचारावं लागतं, कुणाचं पाणी. 'नवी मुंबई' हे नाव तीन-चार कार्यालयं वापरतात, भोगतो आम्ही.

*

बारवीचा_पाहुणा:
आणि उलटंही लक्षात ठेवा. आमच्या दिघा-ऐरोली पट्ट्यात काही भागांना एमआयडीसीचं पाणी येतं, बारवी धरणाचं. एमआयडीसीनं दुरुस्तीसाठी बंद ठेवलं की आमचे नातेवाईक नेरूळला फोन करून 'तुमच्याकडेही नाही ना?' विचारतात. तुमचा संबंध नाही. तो मेसेज आला तर निवांत झोपा.

म. दोन म्हणजे महापालिका आणि महावितरण. पैज लावतो. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेचा विद्युत विभाग, घरातली वीज गेली तर महावितरण, १९१२ वर फोन. आमच्याकडे लोक खांबावरच्या दिव्यासाठी महावितरणला फोन करतात आणि तिथला माणूस दर वेळी तेच समजावून सांगतो. फळ्यावर नुसता 'म.' लिहिला तर भांडणं होणारच.

*

शिडीवाला:
मी अग्निसुरक्षेच्या कामात आहे, म्हणून 'ब' माझ्या वाट्याला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. त्याला नमुना 'ब' म्हणतात. जुलै दारात आलाय. नुसता कागद घेऊ नका ताई, माणूस येऊन पंप चालवून, होज रील उलगडून बघतोय ना ते उभं राहून बघा. जिन्यातल्या होज रीलच्या पेटीत मी आजवर झाडू, फिनेल, क्रिकेटच्या बॅटी आणि एकदा मांजरीची तीन पिल्लं बघितली आहेत. पाईप मात्र दर वेळी असतोच असं नाही.

३० → २६५ अ जरा गंभीर आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं ते कलम. इमारतीला ३० वर्षं झाली की संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) करून घ्यायचं, महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून. ३० वर्षं मोजायची भोगवटा प्रमाणपत्रापासून, इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून किंवा निम्म्या बांधकामाचा वापर सुरू झाला तिथपासून, यातलं जे आधी असेल तिथून. इमारत १९९५ ची म्हणता, मग भोगवटा प्रमाणपत्र फाईलमधून आजच काढा.

*

भगीरथकन्या:
काढलं. ३० वर्षं भरलीत. काकांनी त्याच पानावर पेन्सिलनं 'सभेत कोण बोलणार?' असंही लिहिलंय. आत्ता कळलं ते नाशिकला का गेले.

*

पामबीचचा_वारा:
😀 तरी सभेत विषय घ्याच. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे लगेच इमारत पाडायला निघाले असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा दुरुस्तीची यादी हातात येते. गळती, गंजलेल्या सळ्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तुमच्या धबधब्यानंतर गच्ची तर बघायलाच हवी.

*

भाडेकरू_ते_मालक:
'नाव = ४ दारं' हे मी स्वतः भोगलंय, मागच्या वर्षी सानपाड्यात घर घेतलं तेव्हा. खरेदीखत नोंदवलं की झालं असं मला वाटत होतं. नाही. सिडकोच्या जमिनीवरची घरं भाडेपट्ट्यावरची, म्हणून हस्तांतरण आधी सिडकोकडे, त्याचं शुल्क वेगळं. मग सोसायटीत भागप्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव. मग महापालिकेत मालमत्ता करावर. मग महावितरणच्या बिलावर. चारही दारं वेगळी आणि एकानं दुसऱ्याला कळवायचं असा रिवाज नाही. मालमत्ता कराचं देयक सहा-सहा महिन्यांचं येतं. आमच्यात आधीच्या मालकाच्या नावानं येत राहिलं, मी 'आपलं नाही' म्हणून बाजूला ठेवत गेलो आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत गेली. चूक माझीच.

नवीन सभासद आला की हे चारही लिहिलेला एक कागद त्याच्या हातात द्या. आणि महापालिकेच्या दारात एक गोष्ट बघा: २०१५ चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत, कुठला अधिकारी देणार, नाही मिळाली तर अपील कुणाकडे, हे फलकावर लावलेलं असतं. अर्ज दिल्यावर तारखेसह पोच घ्या. ते दिवस पोचेवरूनच मोजतात. अर्ज नाकारला किंवा मुदतीत काही झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

*

ओला_सुका:
'१००? वजन करणे' म्हणजे कचरा, शंभर टक्के. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे ते मोठे कचरा उत्पादक होते, आणि त्यांनी ओल्या कचऱ्याची शक्यतो आपल्याच आवारात विल्हेवाट लावायची होती. एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत, १०० किलोचा आकडा त्यांतही आहे. ४८ घरं, घरामागे दीड किलो धरला तरी ७२ किलो. बसत नाही. पण आंब्याच्या दिवसांत आणि गणपतीत बघा. काकांना तोच प्रश्न पडलेला दिसतोय. आठवडाभर वजनकाट्यावर डबे ठेवून लिहून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवायला आकडा असेल. २०१६ च्या नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींचाही वेगळा उल्लेख होता, म्हणून भूखंडाचं क्षेत्रफळही बघून ठेवा.

*

तीन_नंबर_विंग:
वजन वगैरे कोण करणार ताई. आमच्याकडे एकानं केलं, दुसऱ्या दिवशी काटाच गेला.

'मे'ची ओळ सोपी आहे. पावसाळ्याआधी बाहेरचे नाले महापालिका काढते, आवारातली गटारं आणि चेंबर आपण. झाडाचं मात्र काका बरोबर म्हणतात. झाड सोसायटीच्या आवारातलं, लावलं आपल्याच लोकांनी, तरी १९७५ चा झाडांचा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कोयता लावायचा नाही. अर्ज उन्हाळ्यातच द्या. जूनमध्ये फांदी गाडीवर आल्यावर सगळ्यांनाच घाई असते.

*

खाडीपल्याड:
एक कुतूहल. काका एवढं सगळं कुठून आणायचे?

*

भगीरथकन्या:
वॉचमननं सांगितलं. दर सोमवारी सकाळी चालायला जाताना महापालिकेच्या विभाग कार्यालयात डोकावायचे, तिथल्या फलकावरचं उतरवून घ्यायचे, येताना वडापाव. २०२० नंतर बरीच वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासकच होते, तेव्हा तर हाच एक रस्ता होता म्हणे. आता बहुतेक सगळं महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर येतं, पण मी सोमवारचाच बेत करतेय. वडापावसकट.

८८ आणि 'गा. ६ चि.' राहिलं. आमच्याकडे तर्क असे: गाळ ६ चिखल, गाळे ६ चिठ्ठ्या, आणि आजोबांच्या मते 'गाढव ६ चिंता'. 'दि.' म्हणजे दिघा का?

*

बारवीचा_पाहुणा:
दिघ्याचा काही संबंध नाही, आम्हाला वगळा.

*

पामबीचचा_वारा:
८८ कसं कुणाला सुचलं नाही! मोरबे ८८ मीटरला पूर्ण भरतं. त्या पातळीला गेलं की धरण भरलं, जलपूजन होतं, आणि पुढच्या उन्हाळ्याची काळजी कमी. लाल गोल म्हणजे काकांनी आपल्यापुरतं जलपूजन उरकलेलं आहे. सप्टेंबरात तुम्हीही एक गोल काढा.

*

भगीरथकन्या:
काकूंनी आज फोन दिला! दहा मिनिटंच, तेही डोळ्यात थेंब घालायच्या आधी.

वाचून दाखवलं. तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांना काका 'बरोबर, बरोबर' म्हणत गेले. भोकरपाड्याला तर 'कोण आहे तो? हुशार आहे' असंही म्हणाले. आजोबांची गाढवं ऐकून मोठ्यानं हसले आणि काकू ओरडल्या.

दि. म्हणजे दिवाळी. गा. म्हणजे कचऱ्याच्या गाडीवरची माणसं. सहा जण, सहा चिवड्याची पाकिटं.

"यंदा सात कर," म्हणाले. "एक नवीन मुलगा आलाय, त्याला तिखट चालत नाही."