कोपर्निकसचे मत मान्य व्हायला इतका काळ का लागला?

प्रश्न : उत्तरायण

नमस्कार. खगोलशास्त्राचा इतिहास वाचताना एक शंका वारंवार मनात येते, ती येथील जाणकारांपुढे मांडतो. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली न्यूरेंबर्ग येथे छापला गेला आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत त्यात सविस्तर गणितासह मांडलेले होते. तरीही पुढे अनेक दशके युरोपातील बहुसंख्य विद्वानांनी ते स्वीकारले नाही. याचे कारण म्हणून बहुधा फक्त चर्चच्या विरोधाकडे बोट दाखवले जाते. परंतु रोमने त्या ग्रंथावर बंधन घातले ते १६१६ साली, म्हणजे प्रकाशनानंतर ७३ वर्षांनी, आणि तेही ‘दुरुस्ती होईपर्यंत’. मग ज्यांना गणित उत्तम येत होते आणि ज्यांनी तो ग्रंथ बारकाईने वाचला होता, त्यांना तो का पटला नाही? त्यांच्या आक्षेपांत काही तथ्य होते का?

प्रतिसाद : कृत्तिका

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, बरेच तथ्य होते’ असे आहे, आणि हे आक्षेप समजून घेतल्याशिवाय या शोधाची खरी थोरवी कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिली अडचण व्यवहाराची होती. ग्रह आकाशात काही काळ वक्री का होतात, याचे कोपर्निकसने दिलेले स्पष्टीकरण अतिशय सुंदर आहे : वेगाने फिरणारी पृथ्वी मंगळाला मागे टाकते तेव्हा मंगळ उलटा सरकताना दिसतो. पण वर्तुळाकार गतीचा आग्रह त्यानेही सोडला नाही, त्यामुळे पृथ्वी केंद्रस्थानी मानणाऱ्या प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीप्रमाणेच त्यालाही वर्तुळावर फिरणारी छोटी वर्तुळे घ्यावी लागली आणि ग्रहांची स्थाने जुन्या पद्धतीपेक्षा फारशी अचूक निघाली नाहीत. शिवाय छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियँडरने ग्रंथाला जोडलेल्या निनावी प्रस्तावनेत म्हटले होते की अशा कल्पना खऱ्या असण्याची गरज नाही, त्यांतून गणित जुळले म्हणजे पुरे. त्यामुळे अनेकांनी ग्रंथातील आकडेमोड घेतली आणि पृथ्वीची गती बाजूला ठेवली.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने आपण ताऱ्यांकडे दोन अतिशय दूरच्या ठिकाणांहून पाहतो, आणि म्हणून जवळच्या ताऱ्यांची स्थाने थोडी बदललेली दिसायला हवीत. यालाच पराशय म्हणतात. दुर्बिणीपूर्वीच्या काळातील सर्वात काटेकोर निरीक्षक टायको ब्राहे याची मोजमापे साधारण एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत बिनचूक असत. त्यालाही पराशय सापडला नाही. यावर कोपर्निकसच्या बाजूचे उत्तर असे की तारे अत्यंत दूर आहेत. ते उत्तर बरोबर होते, पण त्या वेळच्या माहितीनुसार त्यातून भलताच निष्कर्ष निघत होता. ठळक तारे नुसत्या डोळ्यांना सुमारे दोन कला रुंदीच्या ठिपक्यांसारखे दिसतात, असे तेव्हा मानले जाई. आता पृथ्वीची संपूर्ण कक्षा ज्या अंतरावरून एका कलेपेक्षाही लहान दिसेल, त्या अंतरावरचा तारा जर दोन कला रुंद दिसत असेल, तर तो एकटा तारा पृथ्वीच्या कक्षेहून मोठा ठरतो! टायकोला हे अशक्य वाटले, यात त्याचा दोष कसा काढायचा? ताऱ्याचा तो रुंदपणा खरा नसून डोळ्याच्या रचनेमुळे आणि प्रकाशाच्या स्वभावामुळे भासतो, हे पुरते कळायला फार काळ जावा लागला.

प्रतिसाद : शर्मिष्ठा

कृत्तिका यांच्या विवेचनाशी सहमत आहे, मात्र एका बाबतीत भर वेगळ्या ठिकाणी द्यावासा वाटतो. आकाशाविषयीची जुनी समजूत पृथ्वीच्या गतीच्या वादातून मोडली नाही. ती मोडली १५७२ आणि १५७७ या दोन वर्षांतील निरीक्षणांनी, आणि ती निरीक्षणे पृथ्वी स्थिर मानणाऱ्या टायकोचीच होती.

ॲरिस्टॉटलच्या मते उत्पत्ती, बदल आणि नाश हे सारे चंद्राच्या खाली, त्यापलीकडचे आकाश शाश्वत. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा प्रकटला, काही काळ दिवसाही दिसण्याइतका तेजस्वी झाला आणि पुढे मंद होत १५७४ साली दिसेनासा झाला. (तो अतिदीप्त नवतारा, म्हणजे स्फोट पावलेला तारा होता, हे आज आपल्याला माहीत आहे.) चंद्र पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांतून पाहिला तर ताऱ्यांच्या तुलनेत त्याचे स्थान जवळपास एका अंशापर्यंत सरकलेले दिसते. या ताऱ्यात असा सरकाव मुळीच आढळला नाही, म्हणजे तो चंद्राच्या पुष्कळ पलीकडे होता आणि ‘अविकारी’ प्रदेशातच बदल घडला होता. पाच वर्षांनी आलेला मोठा धूमकेतूही त्याच कसोटीवर चंद्रापलीकडचा ठरला. तोपर्यंत धूमकेतू ही वातावरणातील घटना मानली जात होती. ग्रहांना वाहून नेणारे घन, पारदर्शक गोल तेथे असते, तर त्यांतून हा धूमकेतू गेला कसा? टायकोने ते गोलच नाकारले. माझ्या मते ‘मग ग्रहांना फिरवते कोण?’ हा प्रश्न येथूनच खऱ्या अर्थाने उभा राहिला.

याच संदर्भात चिनी निरीक्षकांचे स्मरण ठेवायला हवे. १०५४ साली वृषभ राशीत दिसलेल्या ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद त्यांनी काळजीपूर्वक केली होती. आकाश बदलत नाही असा सिद्धांत त्यांच्यावर लादलेला नव्हता.

प्रतिसाद : गोलपाद

थोडी भर. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि सूर्याभोवती फिरणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडील चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस पहिली गती सांगितली : नावेतून पुढे जाणाऱ्याला तीरावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. दुसरी गती त्याने सांगितली असे म्हणणे मला योग्य वाटत नाही, आणि त्याच्या थोरवीला त्याची गरजही नाही. त्यालाही गंभीर विरोध झाला. पृथ्वी फिरत असती तर उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतील, असे वराहमिहिराने विचारले, आणि ब्रह्मगुप्तानेही आक्षेप घेतले. हजार वर्षांनी युरोपात ‘पृथ्वी फिरत असेल तर मनोऱ्यावरून टाकलेला दगड मागे न राहता पायथ्याशीच कसा पडतो?’ असा विचारला गेलेला प्रश्न मुळात हाच आहे. त्याचे समाधानकारक उत्तर गतीचे शास्त्र बदलल्यावरच मिळाले.

उत्तरायण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न : गॅलिलिओच्या दुर्बिणीने १६१० साली तरी हा वाद संपायला हवा होता ना?

प्रतिसाद : कृत्तिका

टॉलेमीपुरता वाद संपला, असे म्हणता येईल. शुक्राची चंद्रासारखी क्षयवृद्धी गॅलिलिओने पाहिली. जवळजवळ पूर्ण प्रकाशित शुक्रबिंब लहान दिसते आणि कोर मोठी दिसते. शुक्र सूर्याभोवती फिरत असेल तरच हे घडू शकते. गुरूच्या चार चंद्रांमुळे सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते हा दावाही उरला नाही. पण टायकोने स्वतःची तिसरी रचना मांडलेली होती : ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती. त्या रचनेतही शुक्र तसाच दिसतो. त्यामुळे अनेक विद्वान, विशेषतः जेझुइट या कॅथलिक संघातील खगोलज्ञ, सरळ टायकोच्या पक्षात गेले, आणि तेवढ्या पुराव्यावर ती भूमिका तर्कदुष्ट नव्हती.

व्यवसायाने खगोलगणित करणाऱ्यांना वळवले ते केप्लरने. टायकोच्या नोंदींवरून मंगळाची कक्षा बसवताना त्याच्या गणितात आठ कलांचा फरक राहिला. दुसऱ्या कोणी तो निरीक्षणाचा दोष मानून सोडून दिला असता. केप्लरचा टायकोच्या मोजमापांवर इतका विश्वास होता की त्याने दोन हजार वर्षांचे वर्तुळ सोडले आणि १६०९ साली लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. तिच्या आधारे १६२७ साली प्रसिद्ध झालेली त्याची ग्रहस्थानांची कोष्टके आधीच्या कोणत्याही कोष्टकांपेक्षा कितीतरी अचूक ठरली. नोव्हेंबर १६३१ मध्ये बुध सूर्यबिंबावरून जाईल, असे त्याने वर्तवले होते. तो १६३० साली वारला, पण पॅरिसमध्ये गॅसेंडी या खगोलज्ञाने ते अधिक्रमण प्रत्यक्ष पाहिले. अशा यशापुढे रचनेच्या खरेपणाविषयीच्या शंका हळूहळू क्षीण झाल्या आणि १६८७ साली न्यूटनने तिच्यामागचे बलही दाखवले.

पृथ्वीच्या वार्षिक गतीचा थेट पुरावा त्यानंतर आला. इंग्रज खगोलज्ञ ब्रॅडली पराशय शोधत होता. त्याला त्याऐवजी ताऱ्यांचे सुमारे वीस विकलांचे (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वार्षिक विचलन सापडले, जे पृथ्वीची गती आणि प्रकाशाचा मर्यादित वेग यांच्या संयोगाने घडते. हे त्याने १७२९ साली प्रसिद्ध केले. टायकोला हवा असलेला पराशय जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८३८ साली हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्यासाठी मोजला. तो विकलेच्या सुमारे एक तृतीयांश भरला, म्हणजे टायकोच्या उपकरणांना जे सर्वात लहान माप जमत होते, त्याच्याही जवळजवळ दोनशेव्या हिश्शाइतका.