पिएर लोतीचं भारतावरचं पुस्तक वाचावं का?

भटकभवानी: वेरूळवरचं काहीतरी शोधताना पिएर लोती हे नाव सापडलं, फ्रेंच नौदलातला अधिकारी, १९०३ मध्ये 'इंग्रजांशिवायचा भारत' अशा नावाचं पुस्तक काढलं म्हणे. कोणी वाचलंय का?

जुनीपानं: मी इंग्लिशमधून वाचलंय. त्रावणकोर, हैदराबाद, उदयपूर, काशी सगळं फिरलाय आणि इंग्रजांना मुद्दाम वगळलंय. वेरूळचं वर्णन जबरदस्त, रात्री अंधारात लेण्यात शिरतो, वाचताना भीती वाटते राव. पण खरं वाचायचं ते राजपुतान्यातल्या दुष्काळाचं, भुकेली पोरं बघून हादरलेला दिसतो.

खवचट_काका: इंग्रज नकोत, पण स्वतः फ्रेंच साम्राज्याच्याच जहाजांवर नोकरी! बाकी पूर्वेचे लोक त्याला गूढ आणि उदासच दिसतात, ते जाम बोअर होतं.

जुनीपानं: काका, मुद्दा बरोबरे, पण १८८३ मध्ये व्हिएतनाममध्ये फ्रेंच सैनिकांनी केलेली कत्तल त्यानेच पॅरिसच्या 'ल फिगारो'त लिहिली आणि त्यापायी त्याला परत बोलावलं होतं, हेपण धरा की.

भटकभवानी: मग दुष्काळापासूनच सुरू करते.