दहा संगणकांच्या कचेरीला विकतचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस लागतं का?

(ठाणे, नवी मुंबई, पनवेल भागातल्या पाच जणांची चर्चा. प्रत्येकाच्या मजकुरावर नावाऐवजी त्याचं ठिकाण आहे.)

नौपाडा

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला लहान कारखाना, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं कार्यालय. आठ-दहा संगणक आणि सगळ्यांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस, बऱ्याचदा २०१६ किंवा २०१९. या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच दिवशी. आता नवं विकत घ्या, भाडं भरत राहा, नाहीतर ॲक्टिव्हेटर मारलेली, म्हणजे परवान्याशिवाय चालू केलेली चोरीची प्रत चालवा. तिसरी वाट फार जण धरतात, म्हणून कायदा सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हे कलम वापरणाऱ्यासाठी आहे.

माझं मत असं की दहापैकी नऊ टेबलांचं काम लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरवर होतं. मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला) आणि फुकट (ज्याला नुसते पैसे पडत नाहीत) हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, ते वेगळेच ठेवू. डब्ल्यूपीएस हे दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण मुक्त नाही. कंपनीनं उद्या अटी बदलल्या तर आपल्या हातात काही नाही. लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं निघालं ते एका कंपनीच्या मर्जीवर राहायला नको म्हणूनच. त्याचा ओडीएफ हा फाइल-प्रकार २००६ पासून आयएसओ मानक आहे. दहा वर्षांपूर्वीचं इतिवृत्त आज उघडलंच पाहिजे, असं ज्या कार्यालयाला वाटतं त्याच्यासाठी हा मुद्दा पैशांहून मोठा आहे.

महापे, लेखाविभाग

नऊ हा आकडा कुठून आणला? हिशेबाच्या टेबलावर बसून बघा.

जीएसटीआर-९सी या जीएसटीच्या वार्षिक ताळमेळ-विवरणाची ऑफलाइन युटिलिटी म्हणजे मॅक्रो (आत बसवलेला छोटा प्रोग्रॅम) असलेली एक्सेल फाइल. प्राप्तिकराची एक्सेल युटिलिटी तशीच. ई-निविदेचा बीओक्यू, म्हणजे दर भरायचा तक्ता, तर त्याहून नाजूक: फाइलचं नाव बदलायचं नाही, साचा हलवायचा नाही, फक्त ठरलेल्या चौकटीत दर भरायचे, अक्षरी रक्कम मॅक्रो लिहितो. ही फाइल कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसमधला एक्सेलचा जोडीदार) उघडून सेव्ह केली की आतली रचना बदलते आणि बोली बाद होऊ शकते. निविदेवर चालणाऱ्या कंत्राटदाराला ही जोखीम परवडत नाही.

लिब्रेऑफिस व्हीबीए ही एक्सेलच्या मॅक्रोंची भाषा चालवतं, पण अर्धवट. साधा लूप, सेलमध्ये लिहिणं-वाचणं जमतं. युझरफॉर्म आणि ॲक्टिव्हएक्सची बटणं आली की संपलं. पॉवर क्वेरी नाही, पिव्होटला स्लायसर नाहीत. एक्सेलच्या टेबलात खाली नवी ओळ टाकली की सूत्र आपोआप उतरतं, कॅल्कमध्ये त्या भरवशावर राहता येत नाही. महिनाअखेरीला दोनशे ओळी वाढल्या आणि शेवटच्या तीस ओळींत सूत्रच उतरलं नाही, तर बेरीज चुकते आणि पडद्यावर काही दिसत नाही. ही चूक विवरणपत्र भरल्यावर कळते.

नौपाडा

बीओक्यू आणि ९सी मान्य. त्या टेबलावर एक्सेलचा अधिकृत परवाना ठेवा, वाद नाही. पण एका टेबलासाठी दहा परवाने का?

नऊचा आकडा तुम्ही स्वतः मोजा. सामाईक फोल्डर उघडा, शोधखिडकीत तारांकन, टिंब आणि एक्सएलएसएम (मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलीचं शेपूट) टाका. मग एक्सएलएसबी, मग ॲक्सेसचा एसीसीडीबी. गेल्या वर्षभरात ज्यांची तारीख बदलली तेवढ्याच फाइली घ्या. त्या कोणाच्या टेबलावरून उघडतात ते लिहा. त्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याच्याकडे पत्रं, नोटिसा, हजेरीपट, कोटेशन आणि साध्या बेरजा एवढंच असतं.

एक्सलुकअप हे शोधायचं सूत्र लिब्रेऑफिसमध्ये नाही म्हणून कोणी अडवत असेल तर २४.८ आवृत्तीपासून ते आहे. १६,३८४ स्तंभ ७.४ पासून आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आजचं मत देऊ नका.

वाशी मार्केट

सीएसव्हीबद्दल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर-फाइलीबद्दल, कोणी बोलत नाही. रोजचं दुखणं तिथे आहे, आणि तिथे कॅल्क एक्सेलहून सरस आहे.

बँकेचं स्टेटमेंट किंवा शेतकऱ्यांची यादी सीएसव्हीत आली की लोक दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडतात. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) असली पण तिच्या सुरुवातीला तसं सांगणारी बीओएमची खूण नसली, तर मराठी नावांच्या जागी विचित्र रोमन खुणा येतात. कॅल्क उघडण्याआधी विचारतं: कॅरॅक्टर सेट कोणता, दोन रकान्यांमधलं चिन्ह कोणतं, कुठला स्तंभ कशाचा. तिथे या चार गोष्टी करायच्याच:

कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८.
तारखेच्या स्तंभावर टिचकी मारून प्रकार डेट, डीएमवाय. नाहीतर ०५/०६ ही पाच जून आहे की सहा मे, ते यंत्र ठरवतं.
खातेक्रमांक आणि एचएसएन (जीएसटीतला मालाचा संकेतांक) टेक्स्ट. एचएसएनचं पुढचं शून्य उडतं. खातेक्रमांक पंधरा अंकांपेक्षा लांब असेल तर पंधराव्यानंतरचे अंक बिघडतात. हा दोष दोन्ही प्रोग्रॅममध्ये आहे, कारण दोघेही आकडा एकाच पद्धतीनं साठवतात.
लोकेल इंग्लिश, इंडिया.

लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर कॅल्कमध्ये सेलच्या फॉर्मॅट कोडमध्ये #,##,##0.00 लिहा. ते फाइलबरोबर जातं.

आणखी एक. कंट्रोल-एफ८ दाबा. आकडे निळे, मजकूर काळा, सूत्रं हिरवी दिसतात. टॅलीतून आलेल्या रकान्यात आकड्यासारखा दिसणारा मजकूर असतो, बेरीज त्याला वगळते, आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) जुळत नाही म्हणून माणसं तासभर डोकं धरून बसतात. काळा दिसला की कळलं. तो स्तंभ निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, ओके. सूत्र उतरलं नाही ही महापेची तक्रार आहे ना? तीही इथेच पकडता येते: हिरव्या स्तंभात निळी किंवा रिकामी चौकट शोधा.

हमाली, तोलाई दरानं काढताना प्रत्येक ओळीवर राउंड लावा. नुसतं दोन दशांश दाखवलं तर आत पैशांचे तुकडे राहतात आणि पट्टीची बेरीज एखाद्या रुपयानं चुकते. शेतकऱ्याच्या हातात जाणारा कागद आहे तो, तिथे रुपयाही चुकता कामा नये.

ऐरोली

मराठी मजकुराचं काय? खरी झोंबाझोंबी तिथे होते आणि दोन्ही बाजूंनी ती टाळली.

लिब्रेऑफिसमध्ये फॉन्टच्या दोन जागा असतात, एक रोमनसाठी आणि एक कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या). टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल इथे सीटीएल चालू करून मराठी निवडायचं. मग एफ-११ नं स्टाइल उघडून मूळ परिच्छेद-स्टाइलमध्ये दोन्ही फॉन्ट आणि दोन्ही आकार ठरवायचे. हे केलं नाही तर वरच्या पट्टीतून आकार १४ केला तरी इंग्रजी आणि मराठी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो.

भाषा मराठीच निवडा, हिंदी नको. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी भाषा लावली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हिंदी लावली की हिंदी वळणाचे. सोसायटीच्या नोटिशीत हिंदी वळणाचा ल बघवत नाही. काहींना हा हट्ट वाटेल, मला तो आवश्यक वाटतो.

विंडोज सोडून लिनक्सवर गेलात तर मंगल आणि निर्मला हे फॉन्ट तिथे नसतात. दुसरा फॉन्ट बसतो, ओळीची उंची बदलते आणि एका पानाचं पत्र सव्वा पान होतं. उपाय: पत्राच्या साच्यात मुक्त फॉन्ट ठेवा, मुक्ता किंवा नोटो, आणि परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग फिक्स्ड करा. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाची काळजी नको. कार्लिटो आणि कॅलाडिया त्याच मापाचे आहेत आणि बहुधा लिब्रेऑफिसबरोबरच येतात.

श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबीटीटी या युनिकोडआधीच्या फॉन्टांतल्या जुन्या फाइली मात्र कुठल्याही ऑफिस सॉफ्टवेअरनं आपोआप सुटत नाहीत. त्यात मराठी अक्षरं नसतातच, रोमन खुणांवर मराठी चेहरा चढवलेला असतो. कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा: रफार एक अक्षर पुढे-मागे झालाय का, 'दुसऱ्या'मधला ऱ्य मोडलाय का, आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द व आकडे देवनागरीत चुरगळलेत का. जुना दस्त किंवा ठराव असेल तर मूळ फाइलीची पीडीएफ आधी काढून ठेवा, मगच रूपांतर.

पनवेल

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे दुय्यम माल, ही समजूत या वादाच्या तळाशी आहे. ती मोडायला चित्रपटाचा दाखला देतो. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचा 'फ्लो'. पूर्ण चित्रपट ब्लेंडर या मुक्त ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये केलाय, आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. लॅटव्हियाचं पहिलं ऑस्कर. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ब्लेंडरचा कोड मोकळा करून घेतला होता, तेच हे ब्लेंडर.

माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत मोलाचा ॲनिमेशनपट. एकही संवाद नाही, मांजर मांजरासारखंच वागतं, पूर चढत जातो आणि कॅमेरा न तोडता मागोमाग जातो.

महापे, लेखाविभाग

'फ्लो' मलाही आवडला, पण तुमच्याइतका नाही. पाणी आणि उजेड अप्रतिम. प्राण्यांच्या चालीही खऱ्या. मात्र अंगावरची लव रंगाच्या सपाट फटकाऱ्यांसारखी दिसते, आणि कॅमेरा इतका तरंगत राहतो की काही प्रसंगांत व्हिडिओ गेम बघतोय असं वाटतं.

दाखला इथे लागू पडत नाही, हे जास्त महत्त्वाचं. चित्रपट करणाऱ्याच्या फाइली त्याच्याच घरात सुरू होतात आणि तिथेच संपतात. बाहेर जातो तो तयार चित्रपट. त्याला कोणी मॅक्रो असलेली फाइल पाठवून 'संध्याकाळी पाचच्या आत भरून द्या' म्हणत नाही. कचेरीचं काम दुसऱ्याच्या फाइलवर चालतं.

पनवेल

लव सपाट आहे म्हणूनच नजर प्राण्याच्या मानेवर, कानांवर, थबकण्यावर जाते. केस न् केस दाखवला असता तर कारागिरी बघत बसलो असतो. तिथे आपलं जुळणार नाही.

फाइल बाहेर जाण्याचा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. कचेरीतून बाहेर जाणारं बहुतेक काय असतं? बिल, कोटेशन, पत्र, नोटीस. तेही तयारच जातं, पीडीएफ म्हणून. लिब्रेऑफिसच्या पीडीएफ एक्सपोर्टमध्ये हायब्रिड पीडीएफ हा पर्याय आहे. त्यात मूळ ओडीएफ आतच राहते: समोरच्याला पीडीएफ दिसते, तुम्ही तीच फाइल उघडून दुरुस्ती करता. कोटेशनसाठी याहून सोयीचं काही मी पाहिलेलं नाही.

ऐरोली

हायब्रिड बाहेर पाठवताना जपून. आतली मूळ फाइल समोरच्यालाही उघडता येते. लपवलेल्या रकान्यात खरेदीचा दर असेल तर तोही त्याच्या हातात जातो. बाहेर साधी पीडीएफ, हायब्रिड फक्त दप्तरी.

नौपाडा

हे नियमच करून टाकावं. त्याबरोबर फाइलीच्या ये-जा करण्याचाही नियम हवा. जी फाइल बाहेरून एक्सएलएसएक्समध्ये येते आणि परत जाते, ती शेवटपर्यंत एक्सएलएसएक्सच ठेवा. जी घरची, ती ओडीएस (कॅल्कचा स्वतःचा ओडीएफ प्रकार). तीच फाइल सोमवारी ओडीएस, बुधवारी एक्सएलएसएक्स असं केलं की कंडिशनल फॉर्मॅटिंगच्या रेंजचे तुकडे होतात. 'लिब्रेऑफिसनं फाइल बिघडवली' या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

एक्सएलएसएक्स उघडल्यावर कॅल्क साठवलेली उत्तरंच दाखवतं, सूत्रं पुन्हा चालवत नाही. संशय आला तर कंट्रोल-शिफ्ट-एफ९. कायमचं हवं असेल तर टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, फॉर्म्युला इथे रीकॅल्क्युलेशन ऑन फाइल लोड 'ऑलवेज' करा. मोठ्या फाइली उघडायला वेळ लागेल, तो लागू द्या.

वाशी मार्केट

सामाईक फोल्डरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. फाइल उघडी असताना तिच्या शेजारी 'लॉक' नावाची छोटी लपलेली फाइल बनते. वीज गेली किंवा संगणक अडकला तर ती मागे राहते आणि दुसऱ्या टेबलावर 'फाइल वापरात आहे' असा निरोप येतो. कोणाकडे उघडी नाही याची खात्री करून ती छोटी फाइल पुसायची. लोक घाबरून 'ओपन कॉपी' करतात, मग एकाच खतावणीच्या दोन प्रती होतात आणि कोणती खरी ते महिनाभरानं शोधावं लागतं.

महापे, लेखाविभाग

एवढं सगळं नीट लावायला जाणतं माणूस लागतं, आणि दहा संगणकांच्या कचेरीत ते नसतं. माझा विरोध तिथे कायम आहे. मेल मर्ज बघा: वर्डमध्ये यादी निवडली की पत्रं तयार. इथे आधी कॅल्कची फाइल डेटा सोर्स म्हणून नोंदवा, मग रकाने ओढा. सोसायटीच्या दोनशे मेंटेनन्स बिलांसाठी व्यवस्थापक हे पहिल्या दिवशी करणार नाही.

करायचंच असेल तर एप्रिलमध्ये करू नका, वर्षअखेरीचं काम आणि ऑडिटची तयारी अंगावर असते. सप्टेंबर-ऑक्टोबरही नको, विवरणपत्रं आणि टॅक्स ऑडिटचे दिवस. मेच्या मध्यापासून एका टेबलावर तीस दिवस, जुनं ऑफिस न काढता, दोन्ही शेजारी ठेवून. रोज अडलेली गोष्ट वहीत. तिसाव्या दिवशी ती वही इथे टाका, मग नऊ की सहा ते मोजू.

नौपाडा

मेचा मध्य मान्य. पहिलं टेबल आवक-जावक आणि पत्रव्यवहाराचं घ्या, हिशेबाचं शेवटी. आणि वहीत तीन रकाने आखा: फाइलचा प्रकार, ती कुठून आली, काय मोडलं. दुसरा रकाना भरला नाही तर तिसऱ्याचा उपयोग नाही.