हँडलवरचा स्वस्त नकाशा-पडदा : गरज की नसता व्याप?

घाटपाखरू :
मागच्या आठवड्यात येथे एका सदस्याने असे लिहिले की, आठ हजार रुपयांचा, फोनला जोडता येणारा पाच इंची पडदा हँडलवर बसवल्याशिवाय यापुढे कोणी मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघूच नये. पडदा सोयीचा आहे एवढेच त्यांनी म्हटले असते तर मी मुकाट्याने पुढे गेलो असतो, परंतु ‘निघूच नये’ हा आदेश वाचल्यावर सविस्तर उत्तर देणे भाग पडले.

मुळात या पडद्याला स्वतःचे ज्ञान काहीही नसते. उपग्रहांकडून स्थान घेणे, मार्ग काढणे, नकाशा रंगवणे ही सगळी कामे खिशातला फोनच करतो आणि वाय-फायवरून चित्र तेवढे पुढे पाठवतो. दिवसभर ही पाठवापाठवी चालू राहिली की फोन खिशात तापतो आणि दुपारपर्यंत त्याची बॅटरी तळाला जाते, म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा चार्जिंगची दुसरी तार ओढा. दुसरी गोष्ट अशी की, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर पडद्यावर रेंगाळली तर गाडी जवळजवळ ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि आपल्या रस्त्यांवर ३३ मीटरांत काय काय मावते हे येथील कोणालाही सांगण्याची गरज नाही. शिरस्त्राणात बसणारे ब्लूटूथ त्याहून कितीतरी स्वस्तात मिळते. ते कानात वळण सांगते आणि डोळे रस्त्यावर राहतात. एवढे करूनही रस्ता चुकलाच, तर टपरीवर गाडी थांबवून विचारावे. चहाही होतो.

ताम्हिणीमार्गे :
आपण दोष म्हणून जे सांगितले, तोच या वस्तूचा गुण आहे. फोन खिशात राहतो हीच तर खरी मिळकत. जुलै महिन्यात ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना हँडलवर फोन लावून पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही, कारण काच पावसाच्या थेंबांना बोट समजून नकाशा भलतीकडे सरकवते आणि चार्जिंगच्या छिद्रात ओल गेली की फोन चार्ज व्हायला नकार देतो. शिवाय सप्टेंबर २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलने सूचना प्रसिद्ध केली होती की, मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलींच्या इंजिनांची कंपने हँडलवाटे सतत पोहोचत राहिली तर आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा खराब होऊ शकते. साठ-सत्तर हजारांच्या फोनऐवजी आठ हजारांची वस्तू पावसात आणि धक्क्यांत झिजत असेल, तर मला तो सौदा चालतो.

कानातल्या आवाजाचे म्हणाल, तर एकदा पुण्याच्या चांदणी चौकात येऊन पाहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील नवा उड्डाणपूल खुला झाल्यापासून बावधन, कोथरूड, मुळशी, सातारा अशा दिशांचे इतके फाटे एकमेकांना लागून फुटतात की, ‘थोडेसे डावीकडे राहा’ असे कानात ऐकू येईपर्यंत आपण तिसऱ्याच रॅम्पवर चढलेलो असतो. तेथे डावे म्हणजे नेमके कोणते डावे, हे चित्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

घाटपाखरू :
चांदणी चौकाचे उदाहरण आपण माझ्याच बाजूने दिले आहे, याबद्दल आभारी आहे. एकावर एक रस्ते असले की आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे फोनलाच नीट उमगत नाही, आणि मग पडद्यावरचा बाण ज्या रस्त्यावर दिसतो त्याच्या बरोबर डोक्यावरून आपण जात असतो. चुकीचे चित्र आठ हजार रुपये देऊन अधिक स्पष्ट पाहण्यात काय मौज आहे?

लाल तार काळी तार :
दोघांचेही म्हणणे ऐकले, परंतु या पडद्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ नकाशात नसून वायरिंगमध्ये असते, आणि त्याविषयी कोणी अवाक्षर काढलेले नाही. माझे दुकान वायरिंगचेच असल्यामुळे दर पावसाळ्यात हेच रामायण पाहतो. ग्राहक पडदा ऑनलाइन मागवतो, घराजवळच्या मेकॅनिककडून थेट बॅटरीला जोडून घेतो, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही म्हणून आमच्याकडे येतो. जोडणी थेट बॅटरीवर असल्यामुळे चावी काढल्यावरही पडद्याचा वीजपुरवठा चालूच राहतो आणि तो थोडा थोडा करंट ओढत बसतो. चावी फिरवल्यावरच पुरवठा सुरू होईल अशी रिले (विजेने चालू-बंद होणारी कळ) टाकावी, पडद्यासाठी दोन-तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा आणि कंपनीची मूळ वायर कापण्याऐवजी कपलर (खटक्याने बसणारा जोड) वापरावा, अन्यथा पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होतात.

धूळ-पाणी आत शिरत नाही असे सांगणाऱ्या ‘आयपी६७’ या शिक्क्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास, एवढाच त्यातल्या ‘७’चा अर्थ आहे. सर्व्हिस सेंटरमधला प्रेशरचा फवारा ही निराळी परीक्षा आहे, आणि पाणी बहुतेक वेळा काचेतून शिरत नाही, मागच्या केबलच्या सांध्यातून शिरते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. पोलराइज्ड (चकाकी कमी करणारा) गॉगल घालून पाहिले तर काही पडदे एका विशिष्ट कोनात साफ काळे दिसतात. घेण्यापूर्वी स्वतःचा गॉगल घालून भर उन्हात पडदा पाहून घ्यावा.

जुना हमरस्ता :
सगळे जण पाऊस आणि फ्यूज यांतच अडकले आहेत. खरी अडचण अशी आहे की, हे पडदे फोनवरची अ‍ॅप पडद्यावर दाखवणाऱ्या ज्या अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले या प्रणालींवर चालतात, त्यांची मांडणी मोटारगाडीसाठी केलेली आहे. भारतात गूगल नकाशावर दुचाकीचा स्वतंत्र पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये आला खरा, परंतु पडद्यावर पुढे आलेला मार्ग दुचाकीचा आहे की मोटारीचा, हे निघण्यापूर्वी आपले आपणच तपासावे लागते. तपासले नाही तर काय होते ते कळंबोलीला कळते. पडदा छातीठोकपणे द्रुतगती मार्गाकडे बोट दाखवतो, आणि तेथे दुचाकीला बंदी! मी बाणामागे गेलो आणि वर दंड भरून आलो.

आणि विषय निघालाच आहे तर विचारतो, ही बंदी तरी का? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, वांद्रे–वरळी सागरी सेतूवर बंदी, किनारी मार्गावर बंदी, २०२४ मध्ये अटल सेतू झाला तर त्यावरही बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी. रस्ता कर आम्हीही भरतो. चारशे सीसीची गाडी या रस्त्यांवरून जाऊ शकत नाही, आणि धूर ओकणारा टेम्पो मात्र खुशाल जाऊ शकतो.

चारचाकीतून नमस्कार :
कारण सरळ आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक दुचाकीवरचे होते. ताशी १०० किलोमीटरच्या प्रवाहात मागून येणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानेही दुचाकी हेलकावते. तुमची चारशे सीसीची गाडी सोडली, तर तिच्यामागून तिघांना घेऊन शंभर सीसीची गाडीही येणार, आणि चौकीवरचा शिपाई सीसी मोजत बसणार नाही.

जुना हमरस्ता :
हे लोक कोणत्या रस्त्यांवर मेले, हे आपण सोयीस्करपणे सांगितले नाही. जेथे दुचाकीला प्रवेशच नाही, तेथे ते मेलेले नाहीत. ते मेले आम्हाला ज्या दुभाजक नसलेल्या, अंधाऱ्या, खड्ड्यांच्या रस्त्यांवर ढकलले जाते तेथेच. शिवाय खोपोलीहून शिंग्रोब्याच्या देवळावरून वर चढणारा जुना रस्ता घाटात काही अंतर द्रुतगती मार्गातच मिसळतो, आणि त्या अवघड टप्प्यात आमच्या दुचाक्या तुमच्या मोटारींच्या बरोबरीने चालतात. घाटात चालतात आणि सपाटीवर चालत नाहीत, हे कोणते शास्त्र?

चारचाकीतून नमस्कार :
त्या टप्प्यात तुम्ही लोक कसे चालवता ते मी दर शनिवारी पाहतो. ट्रकच्या डावीकडून घुसायचे, आणि वर हँडलवर सिनेमाचा पडदा! आपल्या हक्कांची भाषा जरा कमी करावी आणि आरसे जरा जास्त वापरावेत.

जुना हमरस्ता :
‘तुम्ही लोक’ म्हणजे कोण, हे एकदा स्पष्ट करावे. लेन तोडणाऱ्या मोटारी मोजायला बसलो तर रविवारही पुरणार नाही.

घाटपाखरू :
द्रुतगती मार्गावर कोणी जावे यासाठी वेगळा धागा काढावा, ही दोघांनाही विनंती. तेवढ्यात शिंग्रोब्याचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. बोरघाटातली वाट इंग्रजांना याच धनगराने दाखवली, असे आपल्याकडे सांगतात. वाट विचारणे कमीपणाचे नाही, हे माझे म्हणणे यावरून तरी पटावे.

पार्सलवाला :
तुमचे सगळ्यांचे प्रश्न शनिवार-रविवारचे आहेत. मी दिवसभर घरपोच जेवण पोहोचवतो. मोटारीच्या पडद्यावर ठरावीक प्रकारचीच अ‍ॅप उघडतात आणि आमचे ऑर्डरचे अ‍ॅप त्यांत येत नाही, त्यामुळे फोन हँडलवर ठेवण्यावाचून मला गत्यंतर नाही. आठ हजारांत माझा महिन्याचा पेट्रोलचा खर्च निघून वर पैसे उरतात. फोनची काच तडकली आहे, कॅमेरा कधीच गेला आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम चालले आहे. कोणाचा पडदा किती उजळ आहे, या वादात आमच्यासारख्यांचा विचार कोणी करत नाही, म्हणून लिहिले.

ताम्हिणीमार्गे :
आपले म्हणणे मान्य आहे, आणि शहरातल्या कामासाठी पडदा घ्या असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझा मुद्दा लांबच्या प्रवासापुरताच आहे.

एकटीच निघाले :
घाटपाखरू, ‘टपरीवर थांबून विचारावे’ हे आपण फार सहजपणे लिहिले आहे. मी कामानिमित्त कोल्हापूर ते रत्नागिरी एकटी ये-जा करते, आणि आंबा घाटाच्या पायथ्याशी संध्याकाळी सातनंतर गाडी थांबवून, शिरस्त्राण काढून, चार अनोळखी पुरुषांना ‘हा रस्ता कोठे जातो’ असे विचारायचे म्हणजे आपण एकटे आहोत आणि वाट चुकलो आहोत, या दोन्ही गोष्टी त्यांना सांगून टाकायच्या. आपल्याला तेथे चहा मिळतो. मला आधी प्रश्न मिळतात : कोठून आलात, बरोबर कोणी नाही का, एवढ्या उशिरा कशाला? त्यांतले बरेच लोक भलेच असतात हे मी मान्य करते, परंतु कोण भला आहे याची परीक्षा अंधारात घेण्याची माझी तयारी नसते.

मी पडदा लावला तो यासाठीच. मला थांबावे लागत नाही, आणि फोन खिशात असल्यामुळे गाडी सोडून बाजूला व्हावे लागले तरी तो माझ्याजवळच राहतो. घाटात रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवते. ३३ मीटरांचे गणित मलाही येते. म्हणूनच नकाशा मोठा करून ठेवते, वळण जवळ आले की नजर टाकते आणि चालत्या गाडीवर पडद्याला हात लावत नाही. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यापुरते, आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा आहे. शिंग्रोबाच्या काळी विचारणारे इंग्रज साहेब होते, हेही लक्षात असू द्यावे.

घाटपाखरू :
शेवटचे वाक्य लागले, हे नाकारत नाही. ठीक आहे, आपल्यापुरता पडदा मंजूर! मात्र एक नोंद करतो. आपण त्याचा जो वापर सांगितला, त्यात हात लावायचा नाही, सतत पाहायचे नाही, नकाशा आधी उतरवून ठेवायचा, एवढी शिस्त आहे. ज्यांच्या लेखामुळे हे सगळे सुरू झाले, त्या गृहस्थांनी आपल्या पडद्याच्या गुणांत गाणी बदलणे आणि आलेले संदेश वाचणे हे पहिल्या दोन क्रमांकांवर दिले होते. त्यांच्यासाठी माझा विरोध जसाच्या तसा कायम आहे. आणि चुकीच्या बाणामागे गेल्यावर काय होते याबद्दल कोणाला शंका असेल, तर जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ काय घडले ते आठवावे. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर नकाशाने मोटार नेली आणि त्यात एकाचा जीव गेला.

ताम्हिणीमार्गे :
तो दोष नकाशाचा होता. तोच मार्ग कानात ऐकला असता तरी माणूस त्याच पुलावर गेला असता. किंबहुना पुढे निळे पाणी आहे, हे चित्रात दिसण्याची शक्यता तरी असते.

घाटपाखरू :
असते. चित्रात पूलही दिसतो.

एकटीच निघाले :
लाल तार, माझा पडदा सध्या हेडलाइटच्या वायरवरून जोडलेला आहे आणि हॉर्न वाजवला की क्षणभर विझतो. हे रिले नसल्यामुळे होते का?

लाल तार काळी तार :
बहुधा अर्थिंग सैल आहे, ताई. आधी काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून पाहा. तरीही पडदा विझला तर हेडलाइटवरची जोडणी सोडवून रिलेवर घ्या. रिले अगदी स्वस्तात येते, आणि बसवणाऱ्याने अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लावला तर दुकान बदला.

जुना हमरस्ता :
आणि कळंबोलीला मात्र द्रुतगती मार्गाचा बाण दिसला तरी पनवेलच्या जुन्या रस्त्यालाच राहा. त्या दंडाची पावती अजून माझ्याकडे आहे.