अनुभव धागा : इंडोनेशियन माणसं वाद कशावर घालतात आणि कसा?

नोकरीमुळे किंवा लग्नामुळे इंडोनेशियात राहिलेले बरेच जण इथे वाचतात. तिथल्या लोकांचे आपसातले वाद कसे चालतात ते लिहा. राजकारण, धर्म, शेजारपाजार, काहीही चालेल. ‘माणसं फार गोड आहेत’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या. नियम, आकडे आणि तिथले शब्द हवेत. स्वतःची कहाणी नको. गाव लिहा, नाव नको.

जकार्ता

आधी ‘सारा’ हा शब्द शिका. सुकू, आगामा, रास, आंतारगोलोंगान, म्हणजे जमात, धर्म, वंश आणि गटागटांतले भेद, यांची ही आद्याक्षरं. सोसायटी, ऑफिस, शाळेचे पालक, व्हॉट्सॲप गट कुठलाही असो, त्याच्या नियमांत ‘सारा नको’ बहुतेक असतंच. म्हणून बोलणं थांबतं असं नाही. मोठ्या गटात ठिणगी पडली की ॲडमिन ‘मोहोन माआफ’ (माफी असावी) म्हणून हात जोडतो, आणि तेच भांडण पाच जणांच्या वेगळ्या गटात मध्यरात्रीपर्यंत चालतं.

पारा किती चढलाय ते संबोधनावरून कळतं. आपल्याकडे भांडणारे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतात. तिथे उलटंही होतं. इतका वेळ ‘मास’ (दादा) किंवा ‘पाक’ (साहेब) म्हणणारा माणूस एकदम कोरडं, औपचारिक ‘आंदा’ (आपण) म्हणायला लागला की समजावं, आता तो ऐकून घेणार नाही.

राजकारणात शिव्या प्राण्यांच्या. २०१४ आणि २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकांत जिंकलेल्या जोकोवींचे लोक ‘चेबोंग’ (बेडकाची पिल्लं) आणि हरलेल्या प्राबोवोंचे ‘कांप्रेत’ (वटवाघळं). धर्माचा कट्टर वाटणारा तो ‘काद्रुन’, कादाल गुरुन, म्हणजे वाळवंटातला सरडा. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये प्राबोवो जोकोवींचे संरक्षणमंत्री झाले आणि २०२४ मध्ये जोकोवींच्या थोरल्या मुलाला उपाध्यक्षपदासाठी घेऊन जिंकले. नेते एका ताटात जेवू लागले. एकमेकांच्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडलेले साडू आणि मेव्हणे मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे आता हे शब्द चेष्टेत वापरले जात असले, तरी परक्याने वापरू नयेत.

प्रचाराच्या दिवसांत फोटोसाठी बोटं वर करताना जपा. २०२४ मध्ये उमेदवार जोड्यांना १, २, ३ असे क्रमांक होते, म्हणून दोन बोटांचा साधा ‘व्ही’ हाही प्रचार ठरायचा. सरकारी नोकरांना असे फोटो काढायला बंदीच होती. ते मूठ वळून उभे राहायचे.

योग्याकार्ता

सगळ्यात जुना आणि सगळ्यात नेमका वाद ईदच्या तारखेचा. मुहम्मदिया ही मुस्लीम संघटना गणितावर चालायची: सूर्यास्तापूर्वी अमावास्या संपली आणि चंद्र सूर्यानंतर मावळला, तर महिना बदलला, मग तो दिसो न दिसो. दुसऱ्या मोठ्या मुस्लीम संघटनेचे, नहदलातुल उलमाचे लोक प्रत्यक्ष चंद्र बघायला जातात. सरकार रमजानच्या २९ व्या दिवशी संध्याकाळी ‘सिदांग इस्बात’ ही बैठक घेऊन ठरवतं. २०२२ पासून सरकारी निकष असा, की चंद्र क्षितिजावर किमान ३ अंश आणि सूर्यापासून ६.४ अंश दूर हवा.

२० एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी देशात कुठेच ३ अंश भरले नाहीत. मुहम्मदियाची ईद २१ ला, सरकारची २२ ला. एका सरकारी संशोधन संस्थेतल्या माणसाने या वादात फेसबुकवर मुहम्मदियावाल्यांना मारण्याची भाषा केली. अटक झाली, आणि पूर्व जावातल्या जोंबांगच्या न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली. वाद एका अंशाचा!

हिजरी १४४७ पासून, म्हणजे २०२५ च्या मध्यापासून, मुहम्मदियाने जागतिक पंचांग घेतलं: पृथ्वीवर कुठेही ५ अंश उंची आणि ८ अंश अंतर भरलं की सगळीकडे नवा महिना. त्यामुळे दोन तारखा होण्याचा प्रश्न मिटलेला नाही.

व्यवहारात काय करायचं: ईदच्या दिवसाची भेट ठरवताना एक दिवस मोकळा ठेवा, आणि ‘तुमची ईद कधी?’ असं सरळ विचारा. कुणाला राग येत नाही. ‘खरी ईद कधी?’ असं मात्र विचारू नका.

तराविहच्या (रमजानमधल्या रात्रीच्या) नमाजात ११ रकात (नमाजाची आवर्तनं) की २३, पहाटेच्या नमाजात कुनूत (एक दुआ) म्हणायचं की नाही, हेही याच दोन घरांतले वाद. घरच्या घरी चेष्टा चालते, सासू एका पंथाची आणि सून दुसऱ्या असली तर जास्तच.

बेकासी

प्रार्थनास्थळाच्या परवान्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. २००६ च्या दोन मंत्र्यांच्या संयुक्त नियमानुसार ते वापरणाऱ्या ९० जणांची नावं आणि काटेपे (ओळखपत्रं) लागतात, शिवाय आजूबाजूच्या ६० रहिवाशांचा पाठिंबा. गावप्रमुखाचा दाखला, धर्मखात्याच्या स्थानिक कार्यालयाची लेखी शिफारस, आंतरधर्मीय मंचाची (एफकेउबे) लेखी शिफारस, मग बुपाती (जिल्हाप्रमुख) किंवा महापौर ९० दिवसांत निर्णय देतो.

गाडी अडते ती ६० वर. सह्या देणारे नंतर ‘कशासाठी आहे ते सांगितलंच नव्हतं’ म्हणून मागे फिरतात. म्हणून प्रत्येक कागदाच्या वरच ‘चर्चसाठी’ किंवा ‘मशिदीसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि आधी एरते (गल्लीप्रमुख) व त्याच्या वरच्या एरवेकडे (अनेक गल्ल्यांचा प्रमुख) चहाला जाऊन यावं. बऱ्याच जणांना ठाऊक नसलेलं कलम: ९० भरले आणि ६० भरले नाहीत, तर जागा मिळवून द्यायची जबाबदारी स्थानिक सरकारची. दरम्यान दुसरी इमारत वापरायचा तात्पुरता परवाना जास्तीत जास्त २ वर्षांचा.

हा नियम फक्त चर्चला त्रास देतो हा गैरसमज. जिथे मुसलमान कमी, तिथे मशिदीलाही तोच. पण परवाना हातात आला म्हणजे संपलं असंही नाही. बोगोरच्या यास्मिन चर्चला तो २००६ मध्ये मिळाला, २००८ मध्ये गोठवला, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात चर्च जिंकलं, आणि इमारत उघडली २०२३ मध्ये, तीही दुसऱ्या जागेवर.

सुराबाया

मशिदींच्या भोंग्यांबद्दल थोडक्यात. २०२२ चं धर्ममंत्र्यांचं परिपत्रक आहे: आवाज १०० डेसिबलपर्यंत, पहाटेच्या अजानआधी बाहेरच्या भोंग्यावर पठण १० मिनिटांपर्यंत, तराविह आतल्या स्पीकरवर. तक्रार करायचीच असेल तर एरतेच्या कानावर, एकट्याने, हळू आवाजात. उत्तर सुमात्रातल्या तांजुंग बालाईत आवाजाबद्दल बोललेल्या एका बाईला २०१८ मध्ये धर्मनिंदेच्या कलमाखाली १८ महिन्यांची कैद झाली. परक्याने तर तोंड उघडूच नये.

देनपसार

बालीत न्येपीला (बालीतल्या हिंदूंचं नववर्ष, मौनाचा दिवस) सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६ विस्तव-दिवा नाही, काम नाही, बाहेर पडणं नाही, करमणूक नाही. विमानतळ आणि मोबाइलचं इंटरनेट बंद. ११ मार्च २०२४ ला न्येपी आणि सरकारी हिशेबाने पहिली तराविह एकाच रात्री आली. तोडगा साधा निघाला: जवळच्या मशिदीत पायी जायचं, भोंगा नाही, दिवे कमीत कमी. असं आधी बसून ठरलं की निभतं. ते बिनसलं की काय होतं ते २०२३ मध्ये बालीच्या बुलेलेंग जिल्ह्यातल्या सुंबरक्लांपोक गावात दिसलं. न्येपीच्या दिवशी काहींनी समुद्राकडचं फाटक उघडायला लावलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

बांदुंग

फारच गंभीर झालात सगळे. तिथला सर्वांत मोकळा वाद बुबूर आयामचा: कोंबडीच्या तुकड्यांची भाताची पेज ढवळून खायची की न ढवळता? वर तळलेलं सोयाबीन, चाकवेचे (तळलेल्या पिठाच्या कांडीचे) तुकडे, कांदा, गोड सोया सॉस, संबल (मिरचीची चटणी) आणि कुरुपूक (कुरकुरीत पापड). ढवळणारे म्हणतात, प्रत्येक घासात चव सारखी लागते. न ढवळणारे म्हणतात, कुरुपूक मऊ पडतो आणि वाटी ओकारीसारखी दिसते. एक गोष्ट मात्र खरी: तोंडात घातलेला चमचा फिरवत राहिलं की लाळेने पिष्ट फुटतं आणि पेज पाणीदार होते. ढवळायचंच तर पहिल्या घासाआधी, एकदाच.

नव्या ऑफिसात कुठला पक्ष, कुठला धर्म हे विचारण्यापेक्षा हे विचारा. अर्धा तास आरामात जातो, आणि कोण कुणाला ‘मास’ म्हणतं तेही कळतं.