ऑडिट लॉगला 'लेखापरीक्षण नोंदी' म्हणायचं का?

रात्रपाळी:
आमच्या आयटी पॉलिसीचं मराठी करायचं काम अंगावर आलंय. एक कलम आहे, सगळ्या मशीनचे सिक्युरिटी ऑडिट लॉग नेटवर्कवरून एका सर्व्हरवर गोळा करायचे. आधीच्या मसुद्यात कोणीतरी 'सुरक्षा लेखापरीक्षण नोंदी' लिहिलंय, ते वाचून अकाउंट्सचा फोन, आमची व्हाउचरं पण द्यायची का म्हणून. दुसरा शब्द सुचवा.

शाईपेन:
लेखा म्हणजे हिशेब, मग ते विचारणारच की. इथे ऑडिट म्हणजे कोण कधी लॉगिन झालं, कुणाचा पासवर्ड चुकला, एवढंच. विंडोजमध्ये प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं आणि ११०२ म्हणजे कोणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसून टाकला. सरळ 'सुरक्षा नोंदी' लिहा, बोलताना लॉगच म्हणतात सगळे.

आवकजावक:
बारनिशी? सरकारी ऑफिसात अजून चालतो हा शब्द.

शाईपेन:
अहो पण बारनिशीत टपालाची नोंद असते आणि ती कारकून करतो, इथे मशीन स्वतःच लिहितं. शब्द गोड आहे, पण तिशीच्या आतल्या किती जणांना कळेल?

केबलवाला:
नोंदींवर माझं काही म्हणणं नाही, पण 'गोळा करणे' खटकतंय. विंडोजच्या इव्हेंट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे नोंदी दुसऱ्या मशीनवर धाडायच्या सोयीत, दोन तऱ्हा आहेत, एकीत कलेक्टर (नोंदी जमवणारा सर्व्हर) एकेका मशीनकडे जाऊन नोंदी ओढून आणतो आणि दुसरीत मशीनच त्या पाठवतं. मशीनं शेकड्यांनी असली की दुसरीच बरी, ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकदम सेटिंग लावायची सोय) कलेक्टरचा पत्ता दिला की झालं, फक्त नेटवर्क सर्व्हिस या विंडोजच्या अंतर्गत युजरला लॉग वाचू शकणाऱ्या इव्हेंट लॉग रीडर्स ग्रुपमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर बाकीचे लॉग येतात आणि नेमका सिक्युरिटीचाच येत नाही. लिनक्सचा सिसलॉग (तिथली नोंदी पाठवायची सोय) तर पाठवतोच, तोही जुन्या पद्धतीने यूडीपीने ५१४ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे साध्या टपालासारखं, पोचलं का ते कोणी विचारत नाही. टीएलएसने, म्हणजे सांकेतिक करून, ६५१४ वर पाठवला तर वाटेत कोणी वाचू शकत नाही. मग 'गोळा' कोण करतंय यात?

रात्रपाळी:
मग 'मध्यवर्ती सर्व्हरवर जमा झाल्या पाहिजेत' असं लिहिलं तर? कोणी ओढो, कोणी पाठवो.

केबलवाला:
हे चालेल. फक्त 'जमा' बघून अकाउंट्सचा परत फोन येईल 😄

शाईपेन:
घड्याळाचं वाक्य पण घाला. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय आणि मशीनची घड्याळं एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी जुळवायला. ती जुळली नाहीत तर जमा झालेल्या नोंदींत चोर आधी बाहेर पडतो आणि मग आत शिरतो.

रात्रपाळी:
त्या १८० दिवसांना 'रोलिंग' म्हटलंय, 'फिरते १८० दिवस' लिहू?

शाईपेन:
फिरते नको, फिरता दवाखाना वाटतो. 'कोणत्याही दिवशी मागच्या १८० दिवसांच्या नोंदी हाताशी असाव्यात' असं लिहा. लांब झालं तरी चालेल, कळतं तरी.