अनुभव धागा: नागपुरात गाडी वाटून जाताय? मग लिहा

थंडी पडली की सकाळी वर्धा रोडवर धूर खालीच कोंडलेला दिसतो. गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार हवेचा थर असतो, मग धूर जाणार कुठे? कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, बांधकामाची धूळ, कचरा जाळणं हे सगळं आहेच. पण रहाटे कॉलनीच्या सिग्नलला आजूबाजूच्या कारमध्ये नजर टाका, कितीतरी गाड्यांत एकटा माणूस. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आपलं शहरही आहे. पीएम २.५ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, आपल्या देशाची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५. एकट्याने जाण्याची सवय मात्र आपली आपणच सोडू शकतो. तुम्ही कसं जमवलं, कुठे अडलं, मोकळेपणाने लिहा.

मनीषनगर ते मिहान
आम्ही एकाच सोसायटीतले चौघं. चौघांकडेही कार आहे, आणि म्हणूनच याचा उपयोग होतो, कारण रोज तीन गाड्या पार्किंगमधून हलतच नाहीत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, शिवाय बारीक कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वेगळे. टायर-ब्रेकची झीज आणि रस्त्यावरची उडणारी धूळ तर इलेक्ट्रिक गाडीलाही चुकत नाही, म्हणून गाड्याच कमी व्हायला हव्यात असं माझं ठाम मत आहे.
पैशाचा हिशोब आम्ही ठेवतच नाही. आठवड्याची पाळी लावली आहे, ज्याची पाळी त्याची गाडी आणि त्याचंच पेट्रोल. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेण्याचा प्रश्नच येत नाही. गेटवर पाच मिनिटं थांबायचं, मग निघायचं, कोणी रुसायचं नाही. मागच्या काचेखाली चार डबे एका ओळीत असतात आणि वर्धा रोड येईपर्यंत कोणाकडे मेथी आहे ते सगळ्यांना कळतं. अडतं ते परतीला. एकाची मीटिंग लांबली की तो मेट्रोने खापरीहून येतो. ही सोय नसती तर आमचा गट कधीच मोडला असता.

त्रिमूर्तीनगर ते हिंगणा एमआयडीसी
बाईमाणसाने अनोळखी गाडीत बसावं असं मी म्हणणार नाही. मी फक्त ऑफिसातल्या ओळखीच्यांसोबत जाते. गाडीचा नंबर घरी दिलेला असतो, लोकेशन चालू ठेवते. दादा लोकांनीही याचं वाईट वाटून घेऊ नये. विश्वास बसला तरच हे टिकतं.

बेसा, शाळकरी मुलांची आई
तीन घरची मुलं, एक गाडी, प्रत्येकाला सीट बेल्ट. शाळा जवळच आहे, पण थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरमध्ये जास्त धूर ओकतं, धूर साफ करणारं यंत्र तापल्याशिवाय नीट चालत नाही. म्हणजे अशा छोट्या फेऱ्याच आधी कमी करायला हव्यात.

कामठी रोड
थोडं वेगळं मत मांडतो. मित्रांनी मला गाडीत जागा देऊ केली होती, मी नाही म्हटलं. मी ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोच्या ऑरेंज लाइनने जातो. मी गाडीत बसलो असतो तर रस्त्यावरची एकही गाडी कमी झाली नसती, उलट मेट्रोचा एक प्रवासी गेला असता. त्यापेक्षा स्टेशनपर्यंत गाडी वाटून घ्या. माझी बहीण वानाडोंगरीहून शेजारणींसोबत लोकमान्यनगर स्टेशन गाठते आणि पुढे अ‍ॅक्वा लाइन.

पारडी
बुटीबोरीला दुसऱ्या पाळीला जाणारं कोणी आहे का? रात्री सुटल्यावर बस मिळत नाही, म्हणून नाइलाजाने कार काढावी लागते.

दिघोरी
पारडीवाले भाऊ, मी जातो, पाळीही तीच. रिंग रोडने या, दिघोरी चौकात भेटू. तुमची गाडी तिथेच माझ्याकडे ठेवता येईल. नंबर इथे टाकू नका, मला निरोप पाठवा. सोमवारपासून सुरू करू.